पहिला शॉक : ४ मिनिटे ५२ सेकंद

आमच्या रुग्णालयातल्या सिम्युलेशन प्रशिक्षणाची, म्हणजे खोटा प्रसंग उभा करून घेतलेल्या सरावाची, सुरुवात तीन घड्याळांपासून झाली. गेल्या वर्षी पावसाळ्यात मेडिकल वॉर्डमध्ये एका पेशंटचे हृदय अचानक बंद पडले, आम्ही पाऊण तास प्रयत्न केले आणि तो हाती लागला नाही. महिनाअखेरच्या आढावा बैठकीत भूलतज्ज्ञ मॅडमनी त्या प्रसंगाचे कोड शीट, म्हणजे वेळांची नोंद असलेला कागद, टेबलावर ठेवले आणि हृदयाला पहिला विजेचा शॉक किती मिनिटांनी दिला गेला, एवढेच विचारले. शीटवर भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे हृदय बंद पडल्याची वेळ ३.१० लिहिलेली होती, शॉक देणाऱ्या यंत्रातून, म्हणजे डिफिब्रिलेटरमधून, निघालेल्या कागदी पट्टीवर पहिल्या शॉकपुढे २.५१ छापलेले होते, आणि मॉनिटरच्या नोंदीत तोच शॉक ३.१९ चा होता. कागदपत्रे खरी मानायची तर पेशंटचे हृदय बंद पडण्याच्या एकोणीस मिनिटे आधीच आम्ही त्याला शॉक देऊन मोकळे झालो होतो. कोणी तरी हसले आणि लगेच गप्प झाले. शीटवरचे अक्षर माझे होते.

मॅडमनी कोणालाही बोल लावला नाही. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदय नुसते थरथरते आणि रक्त ढकलत नाही त्या अवस्थेत, ज्याला आम्ही सगळे व्हीएफ म्हणतो, छाती दाबली जात नसेल तर शॉकला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरागणिक पेशंट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी परीक्षेत लिहिलेले होते. आपला स्वतःचा आकडा मात्र आपल्याला ठाऊक नाही, तो निदान एकदा मोजून पाहू, असे त्या म्हणाल्या आणि पुण्याहून दोन नर्स प्रशिक्षक व एक मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीची माणसाएवढी बाहुली, आणण्याची परवानगी त्यांनी व्यवस्थापनाकडून मिळवली.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, सव्वाशे खाटांच्या ट्रस्टच्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. नोकरीला सतरा वर्षे झाली आणि बेसिक लाइफ सपोर्टचे कार्ड माझ्याकडे होते. दर दोन वर्षांनी एका सकाळी रबरी धडावर तीस वेळा दाबायचे, दोनदा श्वास द्यायचा, प्रश्नपत्रिका सोडवायची, मग चहा आणि कार्ड, असा तो शिरस्ता. त्यामुळे नवे प्रशिक्षण म्हटल्यावर ड्युटीच्या तक्त्याचा किती घोळ होणार, एवढाच विचार माझ्या मनात आला, हे कबूल केले पाहिजे.

पहिल्या दिवशी कॉन्फरन्स हॉलमध्ये गेलो तर तिथे आमचाच वॉर्ड मांडलेला होता. वॉर्डातली खाट, लॉकरवर पाण्याची बाटली आणि अर्धवट खाल्लेले केळे, सलाइनचा स्टँड आणि आमच्या वॉर्डातून ढकलत आणलेली, पुढचे एक चाक अडणारी क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची ढकलगाडी. खाटेवर मॅनिकिन होते. त्याच्या अंगात आमच्या रुग्णालयाचा हिरवा गाऊन होता आणि गळ्यात काळ्या दोऱ्यातला जाड ताईत होता. त्याची छाती श्वासागणिक वर-खाली होत होती, मानेला नाडी लागत होती, आणि पडद्याआड बसलेली प्रशिक्षक सिस्टर माइकवरून त्याच्या वतीने बोलत होती.

काम सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या प्रशिक्षकांनी काही गोष्टी स्पष्ट केल्या. इथे आलेला प्रत्येक जण हुशार आहे, आपल्या कामात सक्षम आहे आणि ते काम चांगले व्हावे अशी त्याची इच्छा आहे, हे आपण धरूनच चालायचे. जे घडेल त्याचे चित्रीकरण होईल, पण ते फक्त आपणच पाहायचे आणि संध्याकाळी पुसून टाकायचे. इथली कोणतीही गोष्ट कोणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही. हे सगळे चालू असताना मेट्रन मॅडम मागच्या रांगेत वही उघडून बसल्या होत्या, त्यामुळे आम्हा सिस्टरांपैकी कोणीही त्यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. प्रशिक्षकांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी मेट्रन मॅडमना वही मिटायला लावली आणि पेशंटच्या बायकोची भूमिका दिली. ती त्यांनी इतकी मनापासून केली की पुढे अर्धा वेळ आम्हाला त्यांनाच आवरावे लागले.

सकाळचा पहिला भाग फक्त छाती दाबण्याचा होता. मॅनिकिनच्या आतले सेन्सर प्रत्येक दाबाचा वेग, खोली आणि छाती पूर्ण वर आली की नाही हे टॅबच्या पडद्यावर दाखवत होते. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान ५ सेंटीमीटर पण ६ पेक्षा जास्त नाही, हे पाठ होतेच. माझे आकडे आले ते असे : वेग १३४, खोली ४२ मिलिमीटर, आणि जवळजवळ निम्म्या दाबांनंतर मी हाताचा भार छातीवरून काढलाच नव्हता. या शेवटच्या चुकीविषयी मला कधी कोणी सांगितले नव्हते, कारण ती बघणाऱ्याला दिसत नाही. दोन दाबांच्या मधल्या क्षणी छाती पूर्ण वर आली तरच हृदयात रक्त परत भरते आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांनाही त्याच क्षणी रक्त मिळते. आपण वर रेललेले राहिलो तर पुढचा दाब अर्ध्या रिकाम्या हृदयावर पडतो. घाई, उथळपणा आणि रेलणे, तिन्ही एकदमच. सतरा वर्षांत मी किती जणांची छाती अशी दाबली असेल, हा हिशेब मी त्या दिवशी मांडायला घेतला आणि सोडून दिला.

आमच्या वॉर्डातले मामा गणपतीच्या दिवसांत पथकात ताशा वाजवतात. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी विसर्जनाच्या मिरवणुकीचाच वेग धरला आणि टॅब लाल झाला. मग प्रशिक्षकांनी मोबाइलवर ११० ची टिकटिक लावली. मामांनी डोळे मिटून ती थोडा वेळ ऐकली आणि नंतर ती बंद केल्यावरही पूर्ण दोन मिनिटे १०९ ते १११ च्या बाहेर गेले नाहीत. असे अंग सगळ्यांना नसते. पण दीड मिनिटानंतर त्यांच्याही दाबाची खोली उतरू लागली आणि त्यांना स्वतःला ते जाणवलेच नाही. आपण थकलो हे आपल्याला कळते त्याच्या आधीच हात थकलेले असतात. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम त्यासाठी आहे, हे मला पुस्तकाने नव्हे तर मामांच्या आलेखाने पटवले.

चहाच्या वेळी प्रशिक्षकांनी या बाहुल्यांचा इतिहास सांगितला. छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स इथल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतले कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, ते विद्युत अभियंते होते. त्याच सुमारास नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावच्या ऑस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने सरावासाठी ॲन नावाची बाहुली तयार केली आणि तिला पॅरिसच्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्यावरून चेहरा दिला. ती मुलगी सेन नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे. हे ऐकल्यावर आमची एक धाकटी सिस्टर मॅनिकिनला तोंडाने श्वास देताना बराच वेळ थबकत होती.

पहिला प्रसंग साधा होता. चोपन्न वर्षांचा पुरुष, सकाळपासून छातीत दुखते आहे, ईसीजी झाला आहे, आयसीयूत खाट रिकामी होण्याची वाट पाहतो आहे. वॉर्डात मी, एक धाकटी सिस्टर आणि मावशी. हाक मारल्यावर आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आणखी एक सिस्टर आणि फिजिशियन सर येणार. “सिस्टर, कसंतरीच व्हायलंय ओ,” एवढे म्हणून पेशंट गप्प झाला.

त्यानंतर काय झाले ते मी जसे आठवते तसे सांगितले असते तर गोष्ट बरीच बरी वाटली असती. माझ्या आठवणीप्रमाणे आम्ही ताबडतोब सीपीआर, म्हणजे छाती दाबणे आणि श्वास देणे, सुरू केला, डॉक्टर आले, शॉक दिला. चित्रीकरणात दिसले ते वेगळे. मी पेशंटला हलवून हाक मारली ती नवव्या सेकंदाला, आणि नंतर नाडी पाहण्यात पंचवीस सेकंद घालवले. नाडीसाठी दहाच्या वर सेकंद घालवायचे नसतात, हे मी दर वर्षी नव्या मुलींना शिकवते. पहिला दाब अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला पडला. खाटेची डोक्याकडची बाजू वर केलेली होती आणि ती कोणीही खाली केली नाही, त्यामुळे धाकटी सिस्टर उतारावर, मऊ गादीवर दाब देत होती, तोही त्या ताइतासकट. कडक फळी कार्टच्या मागे अडकवलेली तशीच राहिली. सव्वा मिनिटाला आरएमओ डॉक्टर आले आणि त्यांनी श्वासनलिकेत घालायची ट्यूब मागितली. ट्यूब घालण्याच्या प्रयत्नात छाती दाबणे अडतीस सेकंद थांबले होते, आणि त्या अडतीस सेकंदांत खोलीतले सहाही जण डॉक्टरांच्या हाताकडे बघत उभे होते.

साडेतीन मिनिटांना फिजिशियन सर आले. दाब नीट पडत नाहीत हे त्यांनी बरोबर ओळखले आणि ते स्वतःच खाटेवर गुडघा टेकून दाबू लागले. दाबता दाबताच ते म्हणाले, “ॲड्रिनॅलिन द्या कोणी तरी.” दोन सिस्टरांनी त्या औषधाच्या दोन सिरिंज भरल्या. दुसरीने दिले असेल असे दोघींनाही वाटले आणि कोणीच दिले नाही; प्रसंग संपला तेव्हा दोन्ही सिरिंज लॉकरवर केळ्याशेजारी पडलेल्या होत्या. सरांनी माणूस बदलण्यासाठी मान वर केली तेव्हा त्यांचे लक्ष मॉनिटरकडे गेले आणि ते ओरडले, “अरे, हा व्हीएफ आहे!” पहिला शॉक ४ मिनिटे ५२ सेकंदांना गेला. त्यानंतर लगेच दाब सुरू करायचे सोडून आम्ही सगळे पडद्यावरची रेघ काय करते ते पाहत राहिलो.

प्रसंग दहा मिनिटांचा होता, त्यावरची चर्चा पन्नास मिनिटांची. यालाच ते डीब्रीफिंग म्हणतात, आणि माझ्या मते खरे प्रशिक्षण तेच आहे. मॅनिकिन हे त्याचे निमित्त. आमच्याकडे चुकीची चर्चा म्हणजे कोणाचे चुकले याचा शोध, अशी रीत असल्यामुळे आम्ही सगळे हात बांधून बसलो होतो. प्रशिक्षकांनी आधी प्रत्येकाला कसे वाटले ते विचारले, मग काय काय घडले ते आमच्याकडूनच क्रमाने लावून घेतले, आणि मग चित्रीकरण एके ठिकाणी थांबवून माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “सिस्टर, १ मिनिट ४० सेकंदांना तुम्ही मॉनिटरकडे पाहिलंत. तुमची नजर तिथे तीन सेकंद थांबली आहे. मला वाटलं, तुम्हाला तिथे काहीतरी दिसलं. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?”

“व्हीएफ दिसला,” मी म्हणाले.

खोलीत कोणीच बोलले नाही. म्हणजे तीन मिनिटे बारा सेकंद ती गोष्ट माझ्याजवळ होती. “डॉक्टर तिथंच होते,” मी पुढे म्हणाले, आणि म्हणता म्हणताच ते उत्तर किती लंगडे आहे हे मला ऐकू आले. आरएमओ डॉक्टर शांतपणे म्हणाले, “सिस्टर, मॉनिटर माझ्या पाठीमागे होता. मी ट्यूबकडे बघत होतो.” चित्रात ते स्पष्ट दिसत होते. ज्यांनी सांगायचे त्यांची पाठ पडद्याकडे, आणि जिचा चेहरा पडद्याकडे तिचे तोंड बंद.

का बंद, हे प्रशिक्षकांनी पुन्हा विचारले, पण घाई केली नाही. मग मी एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी तोवर कोणालाही सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्याच एका रुग्णालयात, रात्रपाळीला मी एका डॉक्टरांना ईसीजी वेगळा वाटतो असे म्हणाले होते, आणि त्यांनी नातेवाइकांसमोर मला विचारले होते, “इथं डॉक्टर कोण, मी की तू?” त्या रात्री माझे बरोबर होते की चूक, ते आज आठवतही नाही. त्यानंतर मात्र मी सांगणे सोडले आणि विचारणे शिकले : सर, एकदा मॉनिटर बघता का, सर, एकदा बीपी बघायचं का. शांत वेळी ही भाषा चालून जाते, किंबहुना शहाणपणाची ठरते. हृदय बंद पडलेले असताना प्रश्न विचारायलाही वेळ नसतो, म्हणून मी काहीच बोलले नव्हते. मेट्रन मॅडमनी, अजून पदर डोक्यावर असलेल्या अवस्थेतच, “हे आपल्या सगळ्यांचंच आहे गं,” असे म्हटले तेव्हा धाकट्या सिस्टरचे डोळे भरून आले होते.

फिजिशियन सर बराच वेळ बोलले नव्हते. ते म्हणाले की हात चालू असले की आपण काम करतो आहोत असे वाटते, आणि डोके कोणाचेच चालू नव्हते, हे मला व्हिडिओ पाहून कळले. त्यांच्या दर्जाच्या माणसाने कनिष्ठांसमोर हे म्हणावे, याचे मोल त्या दिवशीच्या बाकी सर्व शिकवणीपेक्षा अधिक होते असे मला आजही वाटते. वैमानिकांच्या चमूंना एकत्र काम करायला शिकवण्याची पद्धत स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भूलशास्त्रात आणायला सुरुवात केली, हा संदर्भ प्रशिक्षकांनी इथे दिला. विमानातही सहवैमानिकाला धोका दिसलेला असतो आणि तो कॅप्टनला ठासून सांगत नाही, हे अपघातांच्या तपासातून पुढे आले होते म्हणे. कॉकपिट कधी आतून पाहिले नसले तरी हे समजायला मला अडचण गेली नाही.

दुपारी तोच प्रसंग पुन्हा घेतला. या वेळी सर खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभे राहिले आणि त्यांनी कशालाही हात लावायचा नाही असे ठरले. “कोणी तरी” या शब्दावर बंदी आली. सांगायचे ते नाव घेऊन, ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचे, आणि काम झाल्यावर झाले असे मोठ्याने सांगायचे. ॲड्रिनॅलिन एक मिलिग्रॅम दिले, वेळ अमुक, पुढचा तीन ते पाच मिनिटांनी, हे सगळे नोंद करणाऱ्या सिस्टरच्या कानावर पडलेच पाहिजे. पहिला शॉक १ मिनिट ५८ सेकंदांना गेला. पेपर फुटलेला असताना मिळालेल्या या गुणांचे मला फारसे कौतुक वाटले नाही. मात्र मॉनिटर जोडल्याक्षणी “व्हीएफ आहे, चार्ज करते” हे शब्द माझ्या तोंडून निघाले, आणि त्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हते. प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरने डॉक्टर येण्याची वाट न पाहता पहिला शॉक द्यावा, असे लेखी परिपत्रक पुढच्या महिन्यात निघाले. तोवर ते कोणी मागितलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग मला अधिक लागला, कारण त्यात चूक झाकायला अज्ञान नव्हते. साठ वर्षांची बाई, किडनी निकामी, दोन डायलिसिस चुकलेले, पण हे आम्हाला सांगितलेले नव्हते. आम्हाला फक्त अशक्तपणा आणि मळमळ. हृदय बंद पडल्यावर पडद्यावर रुंद, संथ रेघा होत्या आणि नाडी नव्हती. म्हणजे शॉकचा उपयोग नाही. आम्ही आदल्या दिवशीचे सगळे धडे गिरवले. खाट सपाट, फळी पाठीखाली, दर दोन मिनिटांनी माणूस बदल, नावानिशी आज्ञा, ॲड्रिनॅलिन वेळेवर दोनदा. चमू घड्याळासारखा चालला होता आणि पेशंट मरत होती. हृदय का बंद पडले असेल, हा प्रश्न सहाव्या मिनिटापर्यंत कोणी विचारला नाही. रक्तस्राव, ऑक्सिजनची कमतरता, आम्लता, पोटॅशियम, छातीत अडकलेली हवा, हृदयाभोवती साचलेले रक्त, विषबाधा, गुठळी, ही यादी भिंतीवर चिकटवलेली होती. आणि दारात डायलिसिसचा तंत्रज्ञ उभा होता. तो नाटकातला नव्हता, खराच आमचा तंत्रज्ञ. त्याला प्रशिक्षकांनी चुकलेल्या दोन पाळ्यांची माहिती देऊन ठेवली होती आणि कोणी विचारले किंवा तुला स्वतःला वाटले तर सांग, असे म्हटले होते. तो दोनदा पुढे आला, गर्दी पाहून दोनदा मागे गेला. शेवटी सरांनी “सगळे ऐका, कारण काय असेल?” असे विचारले तेव्हा तो बोलला, पोटॅशियम वाढल्याचे ध्यानात आले आणि त्यावर द्यायचे कॅल्शियम ग्लुकोनेट मागवले गेले. कार्टमध्ये त्याचा एकच ॲम्प्युल होता. चर्चेत तंत्रज्ञ म्हणाला की आपण मध्ये बोललो तर सर रागावतील असे वाटले. मी आदल्या दिवशी जे रडगाणे गायले होते तेच तो गात होता, आणि या वेळी त्याला बोलू न देणाऱ्या गर्दीत मी होते.

तिसऱ्या आठवड्यात प्रशिक्षण प्रत्यक्ष वॉर्डात आले. एका रात्री पावणेतीनला, पूर्वसूचना न देता, दुसऱ्या मजल्यावरच्या स्त्रियांच्या वॉर्डात रिकाम्या खाटेवर मॅनिकिन ठेवून कोड ब्लू, म्हणजे हृदय बंद पडल्याचा इशारा, पुकारला गेला, आणि या वेळी माणसांपेक्षा इमारतीची परीक्षा झाली. ऑपरेटरचा नंबर लागला तो तिसऱ्या प्रयत्नात. घोषणा जुन्या इमारतीत ऐकू आली, नव्या विंगमध्ये नाही, आणि रात्रीचे आरएमओ नव्या विंगमध्येच झोपतात. ट्यूब घालताना घसा पाहायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटला नाही. ऑक्सिजन सिलिंडरची चावी शेजारच्या वॉर्डात सुतळीने बांधलेली होती. डिफिब्रिलेटरचे तीन पिनांचे जाड प्लग त्या खाटेजवळच्या सॉकेटमध्ये बसेना आणि बॅटरी उतरलेली होती, कारण यंत्र भिंतीला जोडलेले असले तरी त्या भिंतीवरचे बटन बंद होते. सगळ्यात वाईट गोष्ट अशी की तिन्ही मजल्यांवरच्या क्रॅश कार्टची मांडणी तीन प्रकारची होती. माझ्या वॉर्डात दुसऱ्या खणात असणारे ॲड्रिनॅलिन इथे चौथ्या खणात, ग्लोव्हजच्या खोक्याखाली होते. जिने घर लावले तिच्या सवयीप्रमाणे भांडी, असा प्रकार. इनचार्ज झाल्यापासून मी दर महिन्याला माझ्या वॉर्डातल्या कार्टच्या तपासणीवर सही केली आहे, त्यामुळे याबद्दल दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला मला जागा नाही.

आता तिन्ही कार्ट एकसारख्या आहेत, प्रत्येक खणावर आतल्या सामानाचा फोटो चिकटवलेला आहे, क्रमांकाचे प्लास्टिक सील आहे आणि डिफिब्रिलेटरची चाचणीची पट्टी रोज सकाळी वहीत लावली जाते. तिन्ही घड्याळे मोबाइलशी जुळवण्याचे काम सोमवारी माझ्याकडे असते. सुरक्षारक्षक आणि कँटीनच्या मुलांना इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनच्या पद्धतीने फक्त छाती दाबण्याचे तंत्र शिकवले गेले. नव्या विंगमधला स्पीकर अजून आलेला नाही. तिथे कोड पुकारला की एक माणूस धावत जातो. त्या रात्रीच्या गोंधळाने जाग्या झालेल्या एका आजीबाईंना सकाळी मॅनिकिनची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले, “मग वाचली का ती बाहुली?” वाचली नव्हती. पहिला शॉक सहा मिनिटांच्याही पुढे गेला होता.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी सराव होतो. दोन वर्षांनी एकदा शिकलेले हाताला काही महिनेही टिकत नाही, हे टॅबवरच्या आकड्यांनी आम्हाला दाखवलेच आहे. मागच्या सरावात माझा वेग ११४ होता, खोली ५२ मिलिमीटर, आणि थकल्यावर मी अजूनही थोडी रेलते. “कोणी तरी” हा शब्द अधूनमधून निसटतो, पण आता तो निसटल्यावर खोलीतला कोणी ना कोणी “कोण?” असे विचारतो.

फेब्रुवारीत एका पहाटे माझ्या वॉर्डात खरा कोड ब्लू झाला. पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ, न्यूमोनिया, पडद्यावर पहिल्यापासून सरळ रेघ. छाती दाबायला सुरुवात चौदाव्या सेकंदाला, ॲड्रिनॅलिन दुसऱ्या मिनिटाला, कारणांची यादी मोठ्याने वाचली गेली ती चौथ्या मिनिटाला, त्यांच्या मुलाजवळ मामा उभे. पस्तीस मिनिटांनी आम्ही थांबलो. त्या शीटवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्या वेळा एकाच घड्याळाच्या आहेत.

सात वाजता, पाळी बदलण्याआधी, नर्सिंग स्टेशनवर आम्ही दहा मिनिटे उभ्याउभ्या चर्चा केली. डॉक्टरांनी काय चांगले झाले आणि काय बदलावे असे विचारले, सिस्टरांनी एक-दोन गोष्टी सांगितल्या, आणि डॉक्टर शीटवर सही करणार तेवढ्यात, तोवर कपाटाला टेकून उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, छाती दाबायला उभं राहायची ती लाकडी पायरी कार्टलाच बांधा की. आज मला ती दोन खाटांपलीकडं धुंडाळावी लागली. तोवर ही पोरगी टाचा उचलून दाबत होती.”

डॉक्टरांनी पेनाचे टोपण परत काढले आणि ते लिहून घेतले.